हिरव्या पानातील केशरी रंग

(शिक्षक, पंचायत सदस्य व विस्तार कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दिवेलागणीची वेळ होते, अंगणात खेळणारी मुले घराकडे वळतात. त्यांतले एखादे पोर उंबरठ्याला ठेचकाळते, पुढ्यात ठेवलेली ताटली हाताने चाचपडत शोधते. आई म्हणते, पोर वेंधळे आहे. दिवसा हेच मूल फळ्यावरची अक्षरे बिनचूक वाचते, त्यामुळे शिक्षकांनाही कसली शंका येत नाही. या वेंधळेपणाला वैद्यकशास्त्रात रातांधळेपणा म्हणतात आणि त्याचे सर्वसाधारण कारण एकच, ते म्हणजे आहारातील जीवनसत्त्व 'अ' ची उणीव. वेळीच लक्ष दिले नाही तर डोळ्यांतील ओलावा नाहीसा होऊ लागतो. बुबुळाच्या कडेला, पांढऱ्या भागावर, साबणाचा फेस वाळून बसावा तसा खडबडीत डाग दिसू लागतो. त्यास बिटोचा डाग असे नाव आहे. याही पुढची पायरी म्हणजे बुबुळ मऊ पडून फुटणे. कुपोषित मुलाला गोवर निघाला की या पायऱ्या काही दिवसांतच उतरल्या जातात, आणि गेलेली दृष्टी मग कोणत्याही औषधाने परत येत नाही.

ही अवस्था पूर्वीइतकी सर्रास आढळत नाही, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि २०१६ ते २०१८ या काळात देशभर झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षे वयाच्या सुमारे १८ टक्के आणि पाच ते नऊ वर्षे वयाच्या सुमारे २२ टक्के मुलांच्या रक्तात या जीवनसत्त्वाची कमतरता आढळून आली. म्हणजे डोळ्यांवर खूण उमटलेली नसली तरी शरीरातील साठा रोडावलेला आहे, अशी मुले वर्गावर्गातून बसलेली आहेत. आणि यांतल्या कितीतरी मुलांच्या घरामागे, कुंपणाला लागून, शेवग्याचे झाड उभे असते. त्याच्या शेंगा बाजारात जातात, पाला शेळीपुढे पडतो. काखेत कळसा नि गावाला वळसा, ही म्हण इतक्या शब्दशः लागू पडणारी उदाहरणे थोडी.

वनस्पतींतील रंगद्रव्ये आणि माणसाचे आरोग्य या विषयाचा प्रारंभ म्हणूनच प्रयोगशाळेतून न करता या झाडाखालून करणे इष्ट ठरेल.

रंगाचा शोध

वनस्पती आपले रंग आपल्यासाठी तयार करीत नाहीत. पानातील हरितद्रव्य सूर्यप्रकाश पकडून अन्न बनविते. त्याच्या सोबतीला पिवळ्या-केशरी रंगाची कॅरोटिनॉइड वर्गातील द्रव्ये असतात. ती प्रकाश गोळा करण्यास हातभार लावतात आणि उन्हाचा भार अधिक झाला तर पानाचे रक्षणही करतात. फुलांचे व फळांचे जांभळे-तांबडे रंग, म्हणजे अँथोसायनिन, कीटकांना व पक्ष्यांना बोलावण्याच्या कामी येतात. बीट, लाल माठ, राजगिरा यांचा लाल रंग निराळ्याच कुळातला असून त्यास बीटालेन म्हणतात. मौजेची गोष्ट अशी की अँथोसायनिन आणि बीटालेन ही दोन रंगद्रव्ये एकाच वनस्पतीत एकत्र नांदताना आढळलेली नाहीत. एक असेल तेथे दुसरे नाही.

गाजराच्या रसातून केशरी द्रव्य वेगळे काढून वाकेनरोडर या जर्मन शास्त्रज्ञाने १८३१ मध्ये त्याला कॅरोटिन हे नाव दिले. परंतु हेच द्रव्य हिरव्या पानातही आहे, हे डोळ्यांना दिसावे कसे? ते काम मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी केले. वॉर्सा येथे काम करीत असताना त्याने खडूच्या भुकटीने भरलेल्या काचेच्या नळीतून पानांचा अर्क झिरपत नेला आणि त्या नळीत हिरवे, पिवळे, केशरी असे पट्टे वेगवेगळे उमटले. एकसंध हिरवे दिसणारे पान वस्तुतः अनेक रंगांचे मिश्रण असते, आणि गडद हिरवा रंग केशरी रंगाला झाकून टाकतो, एवढेच. शाळेत हा प्रयोग खडूची कांडी आणि पालकाचा अर्क घेऊन करता येतो. मात्र अर्क पाण्यात न काढता स्पिरिटमध्ये काढावा लागतो आणि जवळपास दिवा पेटलेला नसावा, एवढी काळजी शिक्षकांनी घ्यावी.

त्स्वेतच्या या पट्ट्यांना पोषणशास्त्रात अर्थ प्राप्त झाला तो पुढे. जीवनसत्त्व 'अ' चा शोध १९१३ मध्ये लोणी व अंड्याच्या बलकावरील संशोधनातून लागला. पांढऱ्या मक्यापेक्षा पिवळ्या मक्यावर वाढलेले उंदीर अधिक सुदृढ का, असा प्रश्न १९१९ च्या सुमारास स्टीनबॉक यांनी उपस्थित केला. या पिवळेपणाचा आणि जीवनसत्त्वाचा काहीतरी संबंध असला पाहिजे, हा त्यांचा तर्क होता. १९३० मध्ये इंग्लंडात टॉमस मूर यांनी उंदरांना कॅरोटिन खाऊ घालून त्यांच्या यकृतात जीवनसत्त्व 'अ' साठलेले दाखविले आणि कोडे सुटले. कॅरोटिन हे जीवनसत्त्व नव्हे, जीवनसत्त्वाचा कच्चा माल होय. आतड्याच्या अस्तरात त्याचा रेणू मधोमध तुटतो आणि त्यापासून शरीर आपल्या गरजेपुरते जीवनसत्त्व तयार करते. तीन वर्षांनी, १९३३ मध्ये, जॉर्ज वॉल्ड यांना डोळ्यातील पडद्यात हे जीवनसत्त्व सापडले. मंद प्रकाशात पाहण्यासाठी पडद्यातील जे रंगद्रव्य उपयोगी पडते त्याचा ते घटक असते. वॉल्ड यांना १९६७ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. थोडक्यात, पानाने उन्हासाठी बनविलेला रंग माणसाच्या शरीरात जाऊन संधिप्रकाशात पाहण्याचे साधन बनतो.

पान किती उपयोगी?

भारतीय अन्नपदार्थांत हे द्रव्य किती, याची मोजदाद बरीच जुनी आहे. कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेचे संचालक ऐक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका सिद्ध केली. हीच संस्था १९५८ मध्ये हैदराबादला आली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. तेथील जुने तक्ते पाहिले किंवा २०१७ चे नवे तक्ते पाहिले, मोजण्याच्या पद्धती बदलल्यामुळे आकडे वेगळे दिसतात, परंतु एक गोष्ट दोहोंत समान आहे. शेवग्याच्या पाल्यातील कॅरोटिन गाजराच्या तिपटीहून अधिक भरते. अळू, माठ, कोथिंबीर, कढीपत्ता, पालक, मेथी ही मंडळीही मागे नाहीत. पान जितके गडद, तितके कॅरोटिन अधिक, हा ढोबळ नियम बाजारात भाजी निवडताना पुरेसा आहे. कोबीची बाहेरची हिरवी पाने काढून आतला पांढरा गड्डा तेवढा शिजविणारी गृहिणी नेमका हाच भाग टाकून देत असते.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे भाग आहे, कारण ती अनेकदा दडपली जाते. तक्त्यातील आकडा म्हणजे पोटातील आकडा नव्हे. १९९५ मध्ये इंडोनेशियात झालेल्या एका अभ्यासात अंगावर पाजणाऱ्या मातांना रोज गडद हिरव्या पालेभाज्या देऊनही त्यांच्या जीवनसत्त्व 'अ' च्या पातळीत अपेक्षित सुधारणा झाली नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला आणि पालेभाजीचा उदो उदो करणाऱ्यांची चांगलीच पंचाईत झाली. पुढील संशोधनातून त्याचा उलगडा होत गेला. पानातील कॅरोटिन पेशींच्या आत घट्ट बसलेले असते, ते फळांतील कॅरोटिनाइतके सहज सुटत नाही. म्हणूनच पिकलेला आंबा आणि पपई यांतील आकडा पाल्याच्या मानाने लहान दिसला तरी अंगी लागण्यात ती फळे सरस ठरतात. पूर्वी सहा मायक्रोग्रॅम कॅरोटिनापासून एक मायक्रोग्रॅम जीवनसत्त्व मिळते असे धरले जाई. २००१ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाने हे प्रमाण बारास एक असे केले.

याचा अर्थ पालेभाजी निरुपयोगी, असा मात्र काढू नये. अर्थ इतकाच की ती कशी शिजवावी याला महत्त्व आहे. कॅरोटिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते. बारीक चिरून, बेताचे शिजवून, वरून तेलाची लसणीची फोडणी दिलेली भाजी आणि नुसती उकडून मिठावर खाल्लेली भाजी, या दोहोंत म्हणूनच अंतर आहे. कुणब्याच्या घरी दाण्याचे कूट आणि चमचाभर तेल घालण्याची जी रीत आहे ती केवळ चवीची नाही. याउलट भाजी हिरवीगार दिसावी म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा टाकण्याची सवय वाईट. त्याने हरितद्रव्याचा रंग टिकतो, पण जीवनसत्त्व 'क' आणि 'ब' गटातील काही जीवनसत्त्वे नष्ट होतात. चिंच घातल्याने अळूचा रंग तपकिरी पडतो, त्याची चिंता करण्याचे कारण नाही. आम्लामुळे हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून गेले, एवढाच त्याचा अर्थ. कॅरोटिन जागेवर असते. पाला वाळवून ठेवावयाचा झाल्यास तो सावलीत वाळवावा, कारण ऊन आणि हवा या दोहोंनी कॅरोटिन झपाट्याने नाश पावते. मुलांच्या पोटात जंत असतील तर हे सारे व्यर्थ जाते, ही बाबही आरोग्य कर्मचाऱ्यांना सांगायला नको.

सिंधुदुर्गात गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी अगत्याने केली जाते. ऋषिपंचमीच्या भाजीत अळू, माठ यांसारखा पाला एकत्र शिजतो. या प्रथा वर्षातून एकदा पाळण्याऐवजी आठवड्यातून दोनदा पाळल्या गेल्या तर कोणत्याही देवाची अडचण होण्याचे कारण नाही.

आहार सुधारण्यास वेळ लागतो, तोवर मुलांची दृष्टी वाट पाहत थांबत नाही. म्हणूनच १९७० पासून देशात जीवनसत्त्व 'अ' चे मोठे डोस मुलांना देण्याचा कार्यक्रम चालू आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधनावर तो आधारलेला आहे. हे जीवनसत्त्व यकृतात साठून राहते आणि सहा महिने पुरते, हे त्यामागील तत्त्व. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर एक लाख एककांचा पहिला डोस आणि त्यानंतर पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख एककांचे डोस, असे एकूण नऊ डोस दिले जातात. पहिले दोन डोस लसीकरणाबरोबर मिळून जातात. पुढचे डोस मात्र चुकण्याचा संभव असतो, कारण तेव्हा आईला मूल घेऊन केंद्रावर येण्याचे दुसरे निमित्त नसते. पंचायत सदस्यांनी गावाच्या यादीत नेमकी हीच नावे पाहावीत. डोस घरी ठेवून आपल्या मनाने अधिक देणे मात्र घातक आहे. तयार जीवनसत्त्व 'अ' शरीरात साठत जाऊन विषासारखे काम करू शकते. कॅरोटिनाचे तसे नाही. पपई व गाजर फार खाल्ल्याने एखाद्या मुलाचे तळहात पिवळे दिसू लागतात आणि आईबाप काविळीच्या भीतीने धावतात. अशा मुलाच्या डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच असतो. काविळीत तो पिवळा होतो. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

रंग बाटलीत शिरतो तेव्हा

एका रंगाने इतके काम केले, तेव्हा सर्वच रंग अमृततुल्य असले पाहिजेत, असा समज पसरणे स्वाभाविक होते. त्यातून गोळ्या, कॅप्सूल आणि अर्क यांचा मोठा व्यापार उभा राहिला. जीवनसत्त्वाची उणीव भरून काढणे ही एक गोष्ट, आणि उणीव नसताना रंग अधिक प्रमाणात घेऊन कर्करोग किंवा वार्धक्य टाळू पाहणे ही निराळी. या दोहोंतील अंतर फिनलंडमधील एका चाचणीने जगाला दाखवून दिले. भाज्या-फळे खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, तेव्हा कॅरोटिनाच्या गोळ्या दिल्याने धूम्रपान करणाऱ्यांचे रक्षण होईल, अशी अपेक्षा होती. २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर पाच ते आठ वर्षे ही चाचणी चालली. तिचा निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा संशोधकही चकित झाले. गोळ्या घेणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक होते. अमेरिकेत सुरू असलेली अशाच स्वरूपाची दुसरी चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. तेथेही तोच अनुभव. गाजर निर्दोष आहे. गाजरातून काढलेला एकच रंग, पुष्कळ पटींनी अधिक मात्रेत आणि विडी-सिगारेटच्या धुराच्या संगतीत, निर्दोष राहिला नाही.

याच कुटुंबातील एका रंगाची गोष्ट मात्र काहीशी आशादायक आहे. पालक, माठ, मका यांत ल्युटिन नावाचे पिवळे द्रव्य असते. डोळ्याच्या पडद्यावर ज्या ठिकाणी दृष्टी सर्वांत तीक्ष्ण असते, तेथील पिवळा ठिपका याच्या व याच्या भावंडाच्या संचयाने पिवळा झालेला असतो. उतारवयात हा भाग झिजतो. ज्यांना हा विकार जडलेलाच आहे अशांना द्यावयाच्या मिश्रणात कॅरोटिनाऐवजी ल्युटिन घालणे अधिक सुरक्षित, असे अमेरिकेतील मोठ्या चाचणीतून २०१३ मध्ये दिसून आले. हे ल्युटिन काढतात कशातून? झेंडूच्या फुलांतून. दक्षिण भारतात त्यासाठी झेंडूची करारावर शेती होते, आणि अंड्याचा बलक गडद पिवळा दिसावा म्हणून कोंबड्यांच्या खाद्यातही तो अर्क मिसळतात. दसऱ्याच्या तोरणातील फुलाला असा मान मिळेल, याची कल्पना आपल्या आजोबांना नसावी.

हळदीचे खरे आणि खोटे

महाराष्ट्रात रंगद्रव्याविषयी बोलावयाचे आणि हळदीला वगळावयाचे, हे शक्य नाही. सांगलीची बाजारपेठ, हरिपूरची जमिनीखालची पेवे, अलीकडे हिंगोली-नांदेडकडे पसरलेले क्षेत्र, वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळद ही सारी या पिवळ्या रंगाची वैभवचिन्हे. वायगावच्या हळदीस २०१६ मध्ये आणि सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीचा रंग कर्क्युमिन या द्रव्यामुळे असतो. १८१५ मध्ये ते प्रथम वेगळे करण्यात आले. सामान्यतः शंभर ग्रॅम हळदीत ते तीनेक ग्रॅम भरते. अल्कली लागताच हा रंग लाल होतो. हळदीच्या डागावर साबण लावताच डाग तांबडा पडतो तो यामुळे, आणि हळदीवर चुन्याची प्रक्रिया करून कुंकू करण्याची परंपरागत कृतीही याच गुणावर आधारलेली. रसायनशास्त्राच्या पुस्तकात लिटमस शिकविणाऱ्या शिक्षकाने एकदा तरी वर्गात हळदीचा कागद करून दाखवावा.

हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास मार्च १९९५ मध्ये एकस्व, म्हणजे पेटंट, देण्यात आले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले, जुन्या ग्रंथांतील व नियतकालिकांतील दाखले सादर केले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. हा विजय अभिमानास्पद आहेच. परंतु त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. हे ज्ञान नवे नाही, एवढेच त्या निर्णयाने ठरले. हळद प्रत्येक रोगावर गुणकारी आहे, असे त्यात कोणीही ठरविलेले नाही.

प्रयोगशाळेतील काचपात्रात कर्क्युमिन सूज कमी करते, जंतूंना आवर घालते, हे खरे. माणसाच्या पोटात गेल्यावर मात्र त्याचा फार थोडा अंश रक्तात उतरतो. बंगळूर येथील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात १९९८ मध्ये झालेल्या अभ्यासात मिऱ्यातील पायपरिन सोबत दिल्यास हे प्रमाण वीस पटींनी वाढल्याचे दिसले. त्यावर लगेच जाहिराती रंगल्या. पण मुळात जे नगण्य, ते वीसपट झाले तरी किती? २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रातील एका नामांकित नियतकालिकात शंभरावर चाचण्यांचा आढावा घेण्यात आला, तेव्हा कर्क्युमिनाच्या उपयोगाची निर्विवाद ग्वाही देणारी चाचणी हाती लागली नाही. उलट शोषण वाढवून विकल्या जाणाऱ्या तीव्र अर्कांमुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणे निरनिराळ्या देशांतून नोंदविली गेली आहेत. भाजी-आमटीतील चिमूटभर हळदीविषयी अशी कोणतीही तक्रार नाही. आजीबाईचा हात अर्क काढणाऱ्या यंत्रापेक्षा अधिक शहाणा ठरला, असे म्हणावयास हरकत नाही.

हळदीपासून खरा धोका संभवतो तो निराळ्याच कारणाने. पिवळा रंग अधिक उठावदार दिसावा म्हणून तिच्यात लेड क्रोमेट किंवा मेटॅनिल येलो यांसारखे रंग मिसळले जातात. लेड क्रोमेटमध्ये शिसे असते, आणि शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते. ते नुकसान भरून निघत नाही. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातील हळदीच्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत शिसे आढळले होते. शासनाने धाडी, दंड आणि जनजागृती यांची एकत्र मोहीम काढली व २०२१ मध्ये हे प्रमाण शून्यावर आले. दोन वर्षांत हे होऊ शकते, ही गोष्ट अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यांनी आणि बाजार समित्यांनी अवश्य लक्षात घ्यावी. घरच्या घरी पाहणी करावयाची तर काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यावर चमचाभर हळद सोडावी आणि न ढवळता ठेवावी. शुद्ध हळद तळाशी बसताना पाणी फिकट पिवळे होते. पाणी एकदम गडद पिवळे झाले तर शंका घ्यावी. ही केवळ प्राथमिक कसोटी होय, शिशाचा निर्णय प्रयोगशाळेतच होतो. हळकुंडे घेऊन दळून आणावीत हा सल्ला चांगला आहे. मात्र हळकुंडांना झळाळी देतानाच रंग चोळण्याचा प्रकारही घडतो, म्हणून फार चकचकीत हळकुंडांचा मोह टाळावा.

जांभळे आणि तांबडे

कोकम, जांभूळ, करवंद यांचा रंग अँथोसायनिनाचा. आम्लात तो लाल खुलतो, अल्कलीत निळसर-हिरव्याकडे झुकतो. आमसुलाचा रंग इतके दिवस टिकतो त्याचे श्रेय कोकमाच्याच आंबटपणाला आहे. जास्वंदीच्या पाकळ्यांच्या पाण्यात लिंबू पिळून आणि खाण्याचा सोडा टाकून हे मुलांना सहज दाखविता येईल. या द्रव्यांमुळे रक्तवाहिन्यांना लाभ होत असावा असे सूचित करणारे संशोधन आहे, निर्णायक पुरावा अद्याप नाही. जांभळाच्या बियांची भुकटी मधुमेहावर परंपरेने वापरली जाते. तिचा रंगाशी फारसा संबंध नाही, आणि तिच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेले औषध बंद करणे जिवावर बेतू शकते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. उन्हाळ्यात बाटलीबंद शीतपेयाऐवजी बेताच्या साखरेचे कोकम सरबत पाहुण्यांपुढे ठेवण्यास एवढे कारण पुरे, त्यासाठी औषधी गुणांची यादी पाठ करण्याची गरज नाही.

बीट लाल, रक्त लाल, म्हणून बीट खाल्ल्याने रक्त वाढते, ही समजूत खेड्यापाड्यांत आणि शहरांतही दृढ आहे. बीटमधील लोह बेताचेच असते, आणि त्याच्या लाल रंगात लोह मुळीच नसते. बीटच्या रसाने रक्तदाब किंचित उतरतो असे आढळले आहे, पण ते त्यातील नायट्रेटमुळे, रंगामुळे नव्हे. बीट खाल्ल्यानंतर काहींना लघवी लाल होते आणि घाबरगुंडी उडते. तीत भिण्यासारखे काही नसते. लाल माठाचे पान अधिक उपयोगी आहे तेही रंगासाठी नव्हे, त्या लालीखाली दडलेल्या कॅरोटिनासाठी.

उपवासाच्या दिवशी खाल्ले जाणारे रताळे बहुधा आतून पांढरे असते आणि त्यात कॅरोटिन नाममात्र. आतून केशरी असणाऱ्या रताळ्यांत ते भरपूर असते. आफ्रिकेतील देशांत या रताळ्यांचा प्रसार करून मुलांच्या आहारात जीवनसत्त्व 'अ' वाढविण्यात आले, आणि ते काम करणाऱ्यांना २०१६ चे जागतिक अन्न पारितोषिक देण्यात आले. भारतातही केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेने 'भू सोना' नावाचे केशरी वाण विकसित केले आहे. बाजारात पांढऱ्याची सवय असल्याने शेतकरी नव्या रंगाला बिचकतो, हे समजण्याजोगे आहे. तेव्हा आरंभ बाजारापासून न करता शाळेच्या परसबागेपासून करावा. तेथे गिऱ्हाईक ठरलेले असते.

परसबागेत आणखी एक काम तातडीने करता येण्यासारखे आहे. शेवग्याचे मनगटाएवढे जाड खोड पावसाच्या तोंडावर कुंपणाशी रोवले की सहसा जगते. झाड उंच वाढू दिले की शेंगा लागतात, पण पाला हाताशी राहत नाही. म्हणून दोन झाडे शेंगांसाठी सोडून बाकीची छातीइतक्या उंचीवर छाटावीत. छाटल्या जागी नवे धुमारे फुटतात आणि कोवळा पाला मुलांना स्वतः खुडता येतो. तो धुऊन, चिरून, मध्यान्ह भोजनाच्या आमटीत फोडणीनंतर मूठ-दोन मुठी टाकावा. पहिले काही दिवस मुले नाक मुरडतील. थालीपिठात किंवा धपाट्यात तो मिसळला तर तेवढीही अडचण येत नाही. आणि ज्या मुलाबद्दल संध्याकाळी धडपडते अशी तक्रार येईल, त्याच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागाकडे शिक्षकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात नीट पाहावे, आणि फेसासारखा डाग दिसला तर पाल्याची वाट न पाहता त्याला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.